कल्याणरावांच्या फोटोवरचा हार

सोनपेठात शिवकांत पेंटर रस्त्यावर येरझारा घालायला लागला की आजूबाजूचे दुकानदार एकमेकांकडं बघतात. पेंटरच्या हातात काम आलेलं असतं. काम नसेल तेव्हा हा माणूस खुर्चीत शांत बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवतो. काम आलं की त्याला खुर्ची टोचते. दुकानातून बाहेर, रस्ता ओलांडून समोरच्या लिंबाखाली, तिथं क्षणभर मान वाकडी करून उभा, आणि पुन्हा दुकानात. एस.टी.चे ड्रायव्हरसुद्धा त्याला ओळखतात. तो मध्ये आला तर हॉर्न देत नाहीत, नुसता वेग कमी करतात. त्याची बायको महेश्वरी म्हणते, "आमच्या यांच्या पायात कुणी चावी भरून सोडलीय, कुणास ठाऊक."

अठ्ठेचाळीस वर्षांचा हा गडी. अठराव्या वर्षी ब्रश हातात घेतला. आडत दुकानं, शाळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, जीपांच्या पाठी. सोनपेठपासून गंगाखेडपर्यंत त्याची अक्षरं पसरली. पाटी लिहून झाली की तो रस्ता ओलांडून लांबून बघायचा. पाटी जवळून वाचायची नसते, लांबून ओळखायची असते, असं त्याच्या उस्तादानं त्याला शिकवलं होतं. त्याची एकही पाटी कधी परत आली नाही, हे तो स्वतः सांगत नाही. पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर थांबून ऐकतो.

मग फ्लेक्स आले. तासाभरात यंत्रातून दहा फुटांचा हसरा माणूस बाहेर पडू लागला. बाकीचे पेंटर घरांना चुना द्यायला गेले. शिवकांत वर्षभर चिडून बसला. आणि एक दिवस गावातल्या लग्नाची पत्रिका त्यानं फोनवर पाहिली, बोटानं वर सरकवली, खाली सरकवली, आणि त्याला वाटलं, ही तर पाटीच की! फक्त खिशात मावणारी. त्यानं जुना कॉम्प्युटर घेतला. हिंदीतले व्हिडिओ बघितले, एकेक व्हिडिओ आठ-आठ वेळा. कुणाला विचारलं नाही. विचारायला होतं तरी कोण!

त्याच्या या नव्या धंद्याची गोष्ट समजायला एकच गोष्ट कळायला हवी, ती त्याच्याच शब्दांत सांगतो. वेबसाइटच्या पानामागं दोन कागद असतात. एका कागदावर काय आहे ते असतं: नाव, फोटो, मजकूर. दुसऱ्या कागदावर त्यानं काय नेसायचं ते असतं: हे अक्षर एवढं मोठं, ही चौकट सोनेरी, हा फोटो गोल. या दुसऱ्या कागदाला स्टाइलशीट म्हणतात. शिवकांत त्याला पोशाखाची यादी म्हणतो. यादीतला प्रत्येक नियम एका नावानं सुरू होतो. 'फोटो' नावाच्या वस्तूनं अमुक नेसायचं, असं यादीत लिहिलं की ज्याचं ज्याचं नाव 'फोटो' असेल तो तो ते नेसतो. "ही यादी घर बघत न्हाई," शिवकांत सांगतो, "नुसतं नाव बघती."

हे त्याला आधीपासून माहीत होतं. माहीत असूनही जे झालं ते झालं.

त्याची सगळ्यात नावाजलेली कामं म्हणजे पुण्यस्मरणाची पानं. गेलेल्या माणसाचं एक पान, त्याचा फोटो, दोन ओळी, तारीख. पान उघडलं की फोटो आधी रंगीत दिसायचा. मग संध्याकाळ उतरावी तसा त्यातला रंग हळूहळू उतरायचा, आणि वरून निशिगंधाचा हार फोटोवर येऊन बसायचा. तो हार शिवकांतनं यंत्रावर काढलेला नव्हता. ड्रॉइंग पेपरवर तीन दिवस बसून जुन्या ब्रशनं काढला होता, एकेक कळी, आणि मग त्याचा फोटो घेतला होता. पालम, मानवत, सेलू, कुठून कुठून लोकांनी ते पान मागून घेतलं. एकतीस घरांची पानं झाली. एकतीसही पानं एकाच यादीतून पोशाख नेसत होती.

त्यातलं एक पान पेडगावच्या कमलबाईचं होतं.

कमलबाई जानेवारीत गेली, ज्वारीला हुरडा आलेला असताना. तिचा नवरा भुजंग. भुजंगनं घरात तिचा हार घातलेला फोटो लावू दिला नाही. भिंतीत खिळा मारायला आलेल्या भाच्याच्या हातातून त्यानं हातोडी काढून घेतली. त्यांची मुलगी अर्पिता परभणीला नर्स आहे. तिनं बापाला न विचारता शिवकांतकडून पान करून घेतलं. भुजंगनं ते वर्षभर उघडलं नाही. आणि वर्षश्राद्धाच्या चार दिवस आधी त्यानं स्वतः शिवकांतला फोन केला.

"पेंटर, सोमवारी बारा वाजता पोरगी ते पान अंगणात टीव्हीवर लावणारंय. सगळी भावकी फुलं वाहणार. मी पण बघणारंय."

"बघा की दादा."

"हार घातलेली बघितली न्हाई मी तिला. धीरच झाला न्हाई. आता एकदा बघतो आन् मनाची समजूत घालतो. तेवढं नीट दिसू द्या."

"दिसल दादा. माझा जिम्मा."

जिम्मा, असं शिवकांत म्हणाला. तो शब्द त्यानं सहज दिला नव्हता. फोन ठेवल्यावर तो सहा वेळा लिंबाखाली जाऊन आला.

त्याच दिवशी, गुरुवारी दुपारी, दुकानात महारुद्र आला. महारुद्र म्हणजे आडतवाल्या कल्याणरावांचा मुलगा. वजनदार माणूस, पण घाई अशी की पायरी चढायच्या आधीच बोलायला लागतो. कल्याणरावांना सोमवारी पंचाहत्तर वर्षं पुरी होणार होती. संध्याकाळी मंगल कार्यालयात कार्यक्रम, बिदरपर्यंतचे पाहुणे.

"भाऊ, अप्पांचं एक पान पायजे. फोटो, चार ओळी, आन् खाली लोकांना शुभेच्छा लिहायची जागा. सोमवारी सकाळी आठला लिंक सोडतो सगळ्या समाजाला."

"चार दिवसांत?"

"तुमाला काय अवघड हाय? तुमच्या त्या पानांची चौकट लय झकास असती. तशीच द्या. फक्त हार नको म्हणजे झालं!" आणि महारुद्र स्वतःच हसला.

शिवकांतही हसला. चौकट खरंच झकास होती. पातळ दुहेरी सोनेरी रेघ, तिच्या आत सावली. ती पुन्हा नव्यानं कशाला लिहायची? त्यानं अप्पांचं पान केलं आणि त्याला पुण्यस्मरणाची यादीच जोडून दिली. जुनी यादी खाली, आणि तिच्यावर नवी छोटी यादी: इथं फोटोचा रंग उतरू नये, इथं हार येऊ नये, मागं पांढरं नको, केशरी हवं. दोन याद्या एकाच वस्तूला दोन वेगळे पोशाख सांगायला लागल्या तर बहुतेक वेळा नंतर आलेलीचं चालतं. म्हणजे नवीचं. सगळं नियमाला धरून होतं.

रविवारी पान तयार झालं. शिवकांतनं दुकानातला मोठा स्क्रीन दाराकडं वळवला आणि रस्ता ओलांडून लिंबाखाली जाऊन उभा राहिला. तिथून कल्याणराव दिसत होते. लाल पटका, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गालावर लाली. लांबून ओळखू येत होते. त्यानं मान हलवली.

आठशे लोक ते पान हातातल्या फोनवर बघणार होते. शिवकांतनं ते फोनवर एकदाही बघितलं नाही. पाटी जवळून बघायची त्याला सवयच नव्हती.

सोमवारी आठ वाजता लिंक गेली. आठ वाजून बारा मिनिटांनी महारुद्रला गंगाखेडहून मावसभावाचा फोन आला.

"कधी गेले रे अप्पा?"

"गेले? कुठं गेले? आत पूजेला बसलेत."

"मग ते फोटोला हार..."

तेवढ्यात समाजाच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं पडायला लागली. कुणी लिहिलं, लिंगैक्य झाल्याचं ऐकून फार दुःख झालं. कुणी लिहिलं, काल तर बाजारात भेटले होते. कुणी विचारलं, अंत्यविधी किती वाजता?

आमच्याकडं जिवंत माणसाला हार घालायचा तर त्याच्या गळ्यात घालतात. फोटोला हार पडला की विचारायचं काही उरत नाही.

महारुद्र पायात एकच चप्पल घालून दुकानात आला. शिवकांत शटर वर करत होता.

"काय केलं हे? काय केलं हे भाऊ?" त्यानं फोन पुढं धरला.

फोनवर कल्याणराव राखाडी झाले होते. पटका राखाडी, गाल राखाडी, आणि छातीवर निशिगंधाचा हार, एकेक कळी स्पष्ट. मागून महेश्वरी डोकावली आणि तिनं तोंडावर पदर धरला. "अगं बाई! जित्या माणसाला!"

"माझ्या स्क्रीनवर बरोबर हाय," शिवकांत म्हणाला आणि स्क्रीन लावला. मोठ्या स्क्रीनवर अप्पा लालबुंद हसत होते.

"लोकांच्या खिशात तुमचा स्क्रीन न्हाई! लोकांच्या खिशात फोन हाय!"

शिवकांतला जुनी यादी आठवली. तिच्या अगदी तळाला, लहान पडद्यांसाठी म्हणून, त्यानं कधीतरी काही नियम वेगळे लिहिले होते. तिथं 'फोटो'ला राखाडी आणि हार पुन्हा सांगितला होता. आणि त्यापुढं एक असा शब्द घातला होता की तो असला तर दुसऱ्या कुणाचं चालत नाही. मागून येवो नाहीतर पुढून, हेच ऐकायचं. वरच्या नव्या यादीनं कितीही सांगितलं तरी फोनवर या शब्दाचंच चालत होतं. तो शब्द दोन वर्षांपूर्वी घातला होता. का घातला होता, कुणाच्या फोनसाठी, ते आठवेना.

आठवायला वेळ कुठं होता! महारुद्र कानाशी उभा होता, त्याचा फोन थांबत नव्हता. शिवकांतनं जुनी यादी उघडली आणि जिथं जिथं हार दिसला तिथं कापला, जिथं राखाडी दिसला तिथं कापला. वर, मध्ये, तळाशी. यादी परत चढवली.

"आता बघा."

महारुद्रनं फोन पुसल्यासारखा केला. अप्पा रंगीत झाले होते. त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की गल्ल्यावरची पावती उडाली. "आता सगळ्यांना फोन करतो. अप्पा ठणठणीत हायेत म्हणून सांगतो," असं म्हणत तो एका चपलेवर परत गेला.

महेश्वरीनं चहा आणून ठेवला. शिवकांतनं घेतला नाही. तो लिंबाखाली गेला, परत आला, पुन्हा गेला. काहीतरी टोचत होतं. काय ते त्याला कळत होतं, पण त्याकडं बघायची हिंमत होत नव्हती.

दहा वाजता फोन वाजला. पेडगावहून अर्पिता.

"काका, आईचा हार कुठं गेलाय?"

शिवकांत रस्त्याच्या मधोमध उभा होता. जीपवाल्यानं काच खाली करून काहीतरी म्हटलं, ते त्याला ऐकू आलं नाही.

"टीव्ही लावून बघितला आत्ता," अर्पिता हळू आवाजात बोलत होती, बाजूला कुणी असावं. "आई रंगीत दिसायलीय. हिरव्या साडीत, हसायलीय. हार न्हाई, काही न्हाई. मी पटकन बंद केला. बाबांनी बघितलं न्हाई अजून. काका, बाबा चार दिवस झाले मनाची तयारी करायलेत. सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं न्हाई त्यांनी. अन् समोर ही अशी हसत आली तर... मला भीती वाटायलीय."

"बारापर्यंत बसवतो हार. बारापर्यंत बसवतोच पोरी."

"नक्की का?"

"नक्की."

तो दुकानात आला. जुनी यादी, अगदी जशी होती तशी, त्याच्याकडं होती. पेंटर होता तेव्हा तो अक्षरांचे खाके कधी फेकत नसे, तसा याद्यांचेही जुने कागद ठेवायचा. ती यादी परत चढवली की मिनिटात कमलबाईला हार मिळाला असता. आणि त्याच मिनिटात कल्याणराव पुन्हा राखाडी झाले असते.

"त्या तळाच्या यादीतला तेवढा एक शब्दच काढा ना," महेश्वरी म्हणाली. तिला त्यातलं पुष्कळ कळतं, नुसतं दाखवत नाही. "मग दोघांचंबी बरोबर होईल."

"सकाळी पण असंच पुढचं न बघता कापलं, आन् त्या पोरीच्या आईचा हार गेला. तो शब्द कुणासाठी घातलाय ते मला आठवना. एकतीस घरं हायेत त्या यादीवर. कुणाचं काय उघडं पडंल, कुणास ठाऊक. आता मला माहीत नसलेल्या गोष्टीला मी हात लावणार न्हाई."

"मग?"

"मग अप्पांना वेगळं काढावं लागंल. त्यांची यादी त्यांच्या नावानं. एकेक नियम बघून. दोन-तीन तास लागतील."

"आन् तवर अप्पा?"

शिवकांतनं लॅपटॉप बगलेत घेतला आणि निघाला. महेश्वरीही आपला फोन घेऊन मागोमाग गेली.

कल्याणरावांच्या ओसरीवर तेव्हा मजा चालली होती. अप्पा आरामखुर्चीत बसले होते, गळ्यात इष्टलिंगाची डबी, मांडीवर फोन. सांत्वनाला निघालेले दोन पाहुणे अर्ध्या रस्त्यातून मागं न फिरता तसेच आले होते आणि आता त्यांना पोहे दिले होते. ते खाली मान घालून खात होते.

शिवकांतनं उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. पेडगाव, कमलबाई, भुजंग, बारा वाजता. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, "अप्पा, जुनी यादी परत चढवायची झाली, तर तुमच्या फोटोला पुन्हा हार येणार. दोन-तीन तास."

महारुद्र उसळला. "म्हणजे पुन्हा मारणार? आत्ता कुठं साठ लोकांना फोन करून जिवंत केलंय मी! भाऊ, आमचं पान बंद करा तवर."

"बंद केलं तर लोक म्हणतील खरंच गेले, म्हणून बंद केलं," पोहे खाणारा एक पाहुणा म्हणाला.

हे महारुद्रला पटलं, म्हणून तो जास्तच चिडला. "मग ती जुनी यादी आमच्या पानाची तोडून टाका!"

"तोडली तर पान उघडं पडतं. नुसती अक्षरं, एकावर एक. फोटो एवढा मोठा की नाक तेवढं दिसल."

"पंचाहत्तरीला आमचा बाप उघडा करता?"

"महारुद्र," कल्याणराव म्हणाले.

 कल्याणराव शिवकांतकडं बघत होते. त्यांच्या आडतीवरची पाटी शिवकांतनंच लिहिलेली होती, हे मी सांगायला हवं असं नाही. सोनपेठात कुणाची नव्हती?

"त्या माणसानं बायकोला हार घातलेली बघितलीच न्हाई म्हणतोस? वर्षभर?"

"न्हाई अप्पा."

"आन् आज बघतो म्हणालाय, आपल्या तोंडानं."

"हो."

कल्याणराव खुर्चीत जरा वर सरकले. "तिचा हार आधी दे. तिला तो लागतोय, मला लागत न्हाई. मी दोन तास मेलो तर काय बिघडतंय? बसून तर राहायचंय."

"अप्पा, अशुभ असतं असं!" महारुद्र म्हणाला. आतून त्याची आईही काहीतरी म्हणाली.

"अशुभ सकाळीच झालंय. एकदा झालं काय, दोनदा झालं काय. आन् पेंटर, तू इथंच बस. इथंच दुरुस्त कर. म्हणजे हा माझा पोरगा सारखा तुझ्या दुकानाकडं पळणार न्हाई. एक चप्पल हरवलीच हाय त्याची."

अकराला दहा कमी असताना शिवकांतनं जुनी यादी होती तशी चढवली. ओसरीवरच्या सगळ्यांनी आपापले फोन काढले आणि एकेक करून खाली ठेवले. कल्याणरावांनी स्वतःचा फोटो बघितला, चष्मा वर करून. "हार चांगला काढलाय," एवढंच म्हणाले.

पेडगावला मात्र टीव्हीनं सकाळची यादी धरून ठेवली होती. साडेअकरापर्यंत कमलबाई तिथं रंगीतच. अर्पिताचे चार फोन आले. शिवकांत ओसरीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत फिरत तिला सांगत होता: टीव्ही पार बंद कर, भिंतीतलं बटण बंद कर, दहापर्यंत मोज, मग लाव. बाराला वीस कमी असताना तिचा आवाज आला, "आला. हार आला काका." आणि फोन बंद.

मग शिवकांत कामाला लागला. ओसरीच्या कट्ट्यावर लॅपटॉप, आणि हा समोर उभा. बस म्हटलं तरी बसेना. एक कोरी यादी उघडली. जुनी शेजारी. जुन्या यादीत एक्केचाळीस नियम होते. पहिल्यापासून सुरुवात. हे अप्पांच्या पानाला लागतं का? नाही. सोडलं. हे लागतं का? लागतं. मग तो नियम उचलायचा, पण 'फोटो' हे नाव उचलायचं नाही. 'कल्याण-फोटो' लिहायचं. 'चौकट' नाही, 'कल्याण-चौकट'. आणि मग अप्पांच्या पहिल्या कागदावरही तेच नाव लिहायचं. घराचं नाव पुढं लागलं की दुसऱ्या कुणाचा पोशाख त्या अंगाला येत नाही, आणि याचा दुसऱ्या कुणाकडं जात नाही.

एकेक नियम आणला की तो लॅपटॉपवर बघायचा, महेश्वरीच्या लहान फोनवर बघायचा, महारुद्रच्या मोठ्या फोनवर बघायचा. मगच पुढचा. महारुद्र दर पाच मिनिटांनी विचारत होता.

"कुठवर आलं?"

"नववा."

"आत्ता?"

"नववाच. सोनेरी रंग आला न्हाई. चौकट आली, पण रंग मागंच राहिला."

चौकटीच्या नियमात रंग लिहिलेलाच नव्हता. 'वर सांगितलेला सोनेरी' एवढंच होतं, आणि तो सोनेरी जुन्या यादीच्या डोक्यावर कुठंतरी सांगितलेला. शिवकांतनं तो शोधला, आणला, त्यालाही अप्पांचं नाव लावलं. तेव्हा रेघ चमकली.

शेजारी कल्याणरावांचा फोन सारखा वाजत होता. ते प्रत्येकाला स्वतः उत्तर देत होते.

"हां, बोला. न्हाई, मीच बोलायलो... हो हो, गेलोय. दोन तासांसाठी... न्हाई न्हाई, संध्याकाळी तुमी याच. जेवण हायेच."

पोहे खाणाऱ्या पाहुण्याला ठसका लागला.

साडेबाराला अर्पिताचा फोन आला. शिवकांतनं फोन कानाला लावला आणि पहिल्यांदाच एका जागी थांबला.

"झालं काका," ती म्हणाली.  "बाबा समोर बसले. बघत राहिले.  मग बाबा म्हणाले, हार डावीकडं तिरका झालाय. उठले, आन् टीव्हीच्या काचेवर हात ठेवून सरळ करायला लागले."

"तो मीच तिरका काढलाय. वाऱ्यानं हलल्यासारखा."

"हो का. मग हात तसाच ठेवून उभे राहिले. लय वेळ. मग सगळ्यांना म्हणाले, वाहा फुलं. आत्ता भाकरी खायलेत."

 "भाकरी खायलेत," शिवकांत महेश्वरीला म्हणाला. तिनं मान हलवली. मग तो पुन्हा लॅपटॉपकडं वळला. तेरावा नियम.

एक्केचाळीसांतले एकोणीसच लागले. बाकीचे बावीस अप्पांच्या कामाचे नव्हतेच. सकाळी अप्पांचं पान ते सगळे उगीच पाठीवर घेऊन आलं होतं. दोनला दहा कमी असताना शिवकांतनं अप्पांच्या पानाला जोडलेली जुनी यादी सोडवली आणि नवी चढवली. एकतीस घरांतली पाच पानं उघडून बघितली. पाचही जिथल्या तिथं. मग पेडगावचं बघितलं. हार, राखाडी, तिरका. मग अप्पांचं. केशरी जमीन, सोनेरी रेघ, लाल पटका, फोनवरसुद्धा.

"झालं," तो म्हणाला.

ऐकायला महेश्वरी तेवढी होती. पाहुणे आत जेवायला गेले होते. महारुद्र फोन बघत बाहेर आला. रंगीत बाप बघून त्याचा चेहरा फुलला. "अप्पा, हे बघा!"

कल्याणराव खुर्चीत मागं टेकून बसले होते. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, फोन छातीवर, हात खुर्चीखाली लोंबलेला.

"अप्पा?"

 महारुद्रच्या हातातला फोन खाली पडला.  सकाळपासून शिवकांतनं जे मनात येऊ दिलं नव्हतं ते एकदम वर आलं. महेश्वरीनं खांब धरला. महारुद्र गुडघ्यावर बसला आणि बापाला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवायला लागला. "अप्पा! अहो अप्पा!"

कल्याणरावांनी एक डोळा उघडला.

"काय हाय रे? मेलेल्या माणसाला झोपू पण देईनात."

 महारुद्रची छाती वर-खाली होत होती. शेवटी शिवकांतच म्हणाला, "अप्पा, आता जिवंत झालात तुमी. पाच मिनिटं झाली."

"झालो का?" कल्याणरावांनी दुसरा डोळा उघडला. मुलाच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. "मग मला वाढायला सांगा की. सकाळपासून नुसते दुसऱ्यांचे पोहे बघायलोय."